सत्तावीस नंबरचा दिवा

जगन, तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरच्या जिल्हा पानासाठी माझ्याकडे तुझ्यावर मजकूर मागितला गेला. अडीचशे शब्द. मी पाऊण तासात दिला. जन्मगाव, शिक्षण, नोकरीची वर्षं, मागे कोण कोण आहे, अंत्ययात्रेला कोण आलं होतं. 'विद्यार्थीप्रिय' हा शब्द मी घातला नव्हता, तो डेस्कनं घातला. बाकी सगळं माझं. त्यात एकही चूक नाही. मी दोनदा तपासलं.

हा दुसरा मजकूर कुणी मागितलेला नाही. काल तुझं बारावं झालं. खारबावहून, तुझ्या घरून, परत आलो आणि लिहायला बसलो. पहिल्या मजकुरात चूक नव्हती, पण मी जे गाळलं त्यावाचून तुझ्याबद्दल काही सांगितल्यासारखं होत नाही. आणि जे गाळलं त्यात मीच आहे.

तुझं सगळं म्हणणं तू मला एकदाच सविस्तर सांगितलं होतंस. कामतघरला, तुझ्या शाळेसमोरच्या टपरीवर, ओरडून. शेजारच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये लूम चालू होते आणि ओरडल्याशिवाय तिथं काही ऐकू येत नाही.

"लूमवर आडवा धागा तुटला ना, की लूम आपोआप बंद पडतो. कारागीर तोंड फिरवून उभा असला तरी त्याला कळतं. माझ्या वर्गात धागा तुटतो जूनमध्ये न् मला कळतं मार्चमध्ये, पेपर तपासताना. मधले नऊ महिने मी हवेत कापड विनतो."

"मग मुलांना विचारायचं."

"विचारतो ना. 'कळलं का?' म्हनतो. सगळी एका सुरात 'होऽऽ सर'. तूसुद्धा तेच म्हनायचास. आठवतं का? काय रे बातम्या, तुला बीजगणित कळलं होतं?"

मला कळलं नव्हतं. मीही 'होऽऽ सर' म्हणालो होतो, शाळेत तुझ्याच बाकावर, तुझ्या शेजारी बसून. मी पत्रकार झाल्यापासून तू मला 'बातम्या' म्हणायचास. वर्गात तुझी भाषा पुस्तकातली असे. माझ्याशी बोलताना मात्र तू गावातल्यासारखा बोलायचास. मला ते आवडायचं. हे तुला कधी सांगितलं नाही.

त्यानंतरच्या सुट्टीत तू वर्गात ती दिव्यांची यंत्रणा बसवलीस. मी तेव्हा तिचं वर्णन बातमीत केलं होतं, आज पुन्हा करतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दहावीच्या वर्गात चाळीस मुलं. प्रत्येकाच्या बाकाखाली, शेजाऱ्याला हात दिसणार नाही अशा जागी, जिन्याला लावतात तसा टू-वे स्विच. तिथून टेलिफोनची जुनी वायर भिंतीच्या कडेनं तुझ्या टेबलापर्यंत. टेबलावर प्लायवुडचा बोर्ड, त्यावर प्रत्येक मुलासाठी टॉर्चचे दोन बल्ब. एकाला पतंगाचा लाल कागद, एकाला हिरवा. खाली चिकटपट्टीवर हजेरी नंबर आणि नाव. बोर्डाचं तोंड तुझ्याकडे, पाठ वर्गाकडे. वीज भरवशाची नव्हती म्हणून तुझ्या जुन्या मोटरसायकलची बॅटरी टेबलाखाली.

तू फळ्यावर प्रश्न लिहायचास आणि दोन उत्तरं, एक लाल खडूनं, एक हिरव्यानं. मुलं स्विच वर किंवा खाली करायची. स्विचचा आवाज दोन्हीकडे सारखाच, टक. त्यावरून कुणाला काही ओळखता येत नसे. तू मनात दहा अंक मोजायचास आणि मग तुझ्या उजव्या हाताखालचा मेन स्विच दाबायचास. तोपर्यंत बोर्ड काळाच. मेन स्विच दाबला की एका क्षणात सगळी उत्तरं तुझ्यापुढे. ज्यांचं चुकलं त्यांना तू उभं करायचा नाहीस. कोण चुकलं हे त्या खोलीत फक्त तुला माहीत असायचं. तू फळा पुसायचास आणि पुन्हा शिकवायचास.

मुलं तुला 'बल्बसर' म्हणायला लागली. तुझी आई म्हणाली, "पोरगा शालंत दिवं लावतंय, घरान अंधार हाय." तू हसून मला सांगितलंस. घरातला बल्ब खरंच गेला होता आणि तो तू चार दिवस बदलला नव्हतास.

आता सत्तावीस नंबर.

सरोजा. तेलुगू विणकराची मुलगी, तलावाच्या बाजूच्या चाळीतली. बाप नरसय्या चार लूम सांभाळायचा. घरी तेलुगू, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी, आणि तीनही भाषांत ती सारखीच गप्प, असं तू सांगितलं होतंस. यंत्रणा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत तिच्या नावावरचे दिवे पेटेनासे झाले. लालही नाही, हिरवाही नाही. तू बल्ब बदललेस, वायर तपासलीस. दुसऱ्या दिवशी एका प्रश्नाला पेटला, पुढच्या दोन प्रश्नांना नाही. शेवटी शाळा सुटल्यावर तू बाकाखाली वाकून पाहिलंस. स्विचच्या फटीत वहीच्या कागदाची घट्ट घडी. स्विच वर नाही, खाली नाही, मधेच अडकवलेला.

सकाळी तू तिला विचारलंस, हे काय.

तिचं उत्तर तू मला शब्दशः सांगितलंस. मी ते वहीत लिहून घेतलं, वही अजून आहे. "सर, मला माहीत नव्हतं. लाल केलं तरी खोटं, हिरवं केलं तरी खोटं."

तू त्या दिवशी इतका खूश होतास की टपरीवर दोन चहा प्यायलास आणि दोन्ही वेळा साखर जास्त मागितलीस. "एवढा बी.एड. केलेला मानूस," तू म्हणालास, "न् मला तिसरं उत्तर सुचलं न्हाय. त्या पोरीला सुचलं." दुसऱ्या दिवशी तू प्रत्येक बाकावर कागदाची एकेक घडी ठेवलीस आणि वर्गाला सांगितलंस की ज्याला माहीत नाही त्यानं दिवा काळा ठेवायचा. काळा दिवा म्हणजे चूक नाही. काळ्या दिव्याला तू एवढंच म्हणायचास, "उद्या परत विचारतो." आणि खरोखर विचारायचास. एखाद्या प्रश्नाला आठ-आठ दिवस.

एकेक करून वर्ग खरं बोलायला लागला. मग तू मला बोलावलंस.

तो दिवस मला तासातासानं आठवतो. वीज गेलेली होती. पंखे बंद, शेडमधले लूमही बंद. लूम थांबले की कामतघर परकं वाटतं. टपरीवाल्यानंही उगाच आवाज खाली घेतलेला असतो. तू मला शेवटच्या बाकावर बसवलंस, चौतीस नंबरच्या जागेवर, कारण तो मुलगा त्या दिवशी आला नव्हता. म्हणालास, "स्विच हाय तिथं. तू पन दे उत्तर."

फळ्यावर तू लिहिलंस: दहाला अर्ध्यानं भागलं, तर उत्तर दहापेक्षा मोठं की लहान? 'मोठं' लाल खडूनं, 'लहान' हिरव्यानं.

मी स्विच खाली केला. हिरवा. लहान. पाच, असं माझ्या मनात अगदी स्पष्ट होतं.

टक, टक, टक, चाळीस बाकांवरून. मग कागदाच्या घड्या सरकवल्याचा आवाज, खूप. तू मेन स्विच दाबलास आणि मला हातानं बोलावलंस. बोर्डावर चार लाल, पाच हिरवे. बाकी सगळा बोर्ड काळा.

तुझा चेहरा मी पाहिला. मी तो बातमीत लिहिला नाही. तू लॉटरी लागल्यासारखा दिसत होतास. "बघ," कुजबुजलास, "गेल्या वर्षी ह्याच प्रश्नाला सगळी 'होऽऽ सर' होती. आज पहिल्यांदा मला दिसतंय की मी कुठं हाय." मग बोटानं चौतीस नंबरचा हिरवा दिवा दाखवलास. "हा तुझा. काय रे बातम्या, दहा मीटर ताग्याचे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे कर. किती झाले?"

वीस.

तेवढ्यात तू वर्गाकडे वळून तेच विचारलंस, तुकड्यांचं. विणकरांची मुलं. अर्ध्या वर्गाच्या तोंडून "वीस" आलं आणि मग आपण आत्ताच काय म्हणालो ते त्यांच्या लक्षात आलं. सत्तावीस नंबरच्या बाकावर सरोजानं कपाळावर हात मारून घेतला. ते पाहून सगळा वर्ग हसला, तीसुद्धा.

त्याआधी, बोर्ड तसाच असताना, मी फोटो काढला होता. तू म्हणालास, "नावं झाक हां. न कळनं कोनाच्या नावावर टाकायचं नसतं." मी म्हणालो, झाकतो.

यावरून आपला जुना वाद होता. मी म्हणायचो, लोक आकडे वाचत नाहीत, नावं वाचतात. नाव, वय, राहणार कुठला, ही माझी बाराखडी होती. तू म्हणायचास, पास होणाऱ्याचं नाव छाप, नापासाचं कशाला? मी म्हणायचो, अपघातात मेलेल्याचं नाव छापतो तेव्हा त्याला विचारतो का? तू म्हणायचास, "मेलेल्याला उद्या शाळेत जायचं नसतं." या वाक्यापाशी आलं की मी विषय बदलायचो.

आता जे घडलं ते मी क्रमानं लिहितो.

मजकूर मी संध्याकाळी पाठवला. त्यात सरोजाच्या कागदाच्या घडीचा परिच्छेद होता, तो पाठवण्याआधी मी काढला. लांबण लागत होती. तुकड्यांचा आणि 'वीस'चा प्रसंगही काढला, कारण त्यानं बातमीची धार जात होती. माझं स्वतःचं चुकीचं उत्तर मी लिहिलंच नव्हतं. बातमीदारानं बातमीत यायचं नसतं, असं मला शिकवलं होतं. फोटोखालची ओळ मी दिली: 'काळे दिवे, म्हणजे ज्यांना उत्तर देताच आले नाही असे विद्यार्थी.'

साडेसातच्या सुमारास डेस्कवरून फोन आला. मी कल्याण नाक्याजवळ उभा होतो. उपसंपादक म्हणाला, "फोटो पहिल्या पानावर जातोय. खालची नावं वाचता येतायत. पांढरी करू का?"

माझा फोटो त्याआधी तीन वर्षं पहिल्या पानावर गेला नव्हता.

मी म्हणालो, "राहू द्या. नावांनी बातमी खरी वाटते."

एवढंच. फोन एका मिनिटापेक्षा कमी चालला.

सकाळी मथळा होता, 'दहावीच्या वर्गात उत्तर फक्त चौघांना'. सकाळी आठला तुझा फोन आला. तू रागावला नव्हतास. आवाज फक्त खूप हळू होता. "नावं झाकायची ठरली होती."

"डेस्कनं घोळ केला," मी म्हणालो. "मी सांगितलं होतं त्यांना."

"असं?"

"हो."

"बरं," तू म्हणालास.

तू डेस्कला पत्र लिहिलं नाहीस. संपादकाकडे तक्रार केली नाहीस. केली असतीस तर मी त्याच दिवशी सापडलो असतो. तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास, आणि एवढ्यावरच मी सुटलो.

मुख्याध्यापकांनी तुला दुपारी बोलावलं. "जगन्नाथराव, चांगल्या शाळेची अब्रू वेशीला टांगलीत. हे दिवे उद्या दिसता कामा नयेत." तू वाद घातलास की नाही मला ठाऊक नाही. त्या रविवारी तू एकट्यानं चाळीस स्विच काढलेस. मला बोलावलं नाहीस. बोलावलं असतंस तर मी आलो असतो का, तेही मला ठाऊक नाही.

सोमवारपासून सरोजा शाळेत आली नाही. गुरुवारी तू मला म्हणालास, चल. मी आलो. शिफ्ट बदलायची वेळ होती, नरसय्या शेडच्या दारात हात पुसत उभा होता. त्यानं तुला नमस्कार केला. तू मला पुढे करून म्हणालास, "ये मेरे दोस्त हैं, पेपर में हैं." त्यानं मलाही नमस्कार केला. खुर्ची नव्हती म्हणून लूमचे धोटे ठेवायची पेटी पालथी करून मला बसायला दिली.

मग त्यानं सांगितलं. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. त्या दिवशी सकाळी कुणीतरी पेपर नाचवत शेडमध्ये आलं, नरसय्या की बेटी का नाम आया है, पहले पेज पर. नाव कुठं आहे ते त्यानं बोट ठेवून दाखवून घेतलं. सरोजा. त्याच्या घरातलं नाव पहिल्यांदा कुठंतरी छापलं गेलं होतं.

"साब, मैंने पूरे शेड को चाय पिलाया," तो म्हणाला. "सबको बोला, मेरी लड़की का नाम आया. सबने चाय पी लिया. फिर एक ने पढ़ के सुनाया."

तो चिडला नव्हता. सांगत होता, इतकंच.

तू म्हणालास, "नरसय्या, जिसने बत्ती नहीं जलाई, वही सच बोला. तुम्हारी लड़की ने मुझको सिखाया. सबसे होशियार वही है."

त्यानं नीट ऐकून घेतलं. मग माझ्याकडे पाहिलं. "तो साब, पेपर में वो क्यों नहीं लिखा?"

तूही माझ्याकडे पाहिलंस.

उत्तर माझ्याकडे होतं. ते मी लिहिलं होतं आणि पाठवायच्या आधी काढलं होतं. मी म्हणालो, "जगह नहीं थी."

तेवढ्यात आतून सरोजा आली. तिला सुताच्या कांड्या भरायच्या कामाला लावलं होतं. केसांवर, भुवयांवर कापसाचा भुरा. तुला पाहून ती थांबली, पदराला पुसावेत तसे ओढणीला हात पुसले आणि विचारलं, "सर, माझा स्विच कोणाला दिला?"

स्विच तोपर्यंत निघाले होते. तू म्हणालास, "कोणाला नाही. तुझ्याच बाकाला आहे."

एवढ्या वर्षांत तू माझ्यासमोर खोटं बोललास ते तेवढंच.

तू त्यानंतरही तिथं जात राहिलास. अकरा वेळा, असं वहिनी म्हणतात. मी एकदाच गेलो. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, तिकडे, करीमनगरच्या बाजूला. तो शेड बंद पडला आणि नरसय्याही गावाकडे निघून गेला. गेल्या आठवड्यात मी त्या चाळीत जाऊन आलो. गाव कुठलं, कुणाला सांगता आलं नाही. तिच्या जागी राहणाऱ्या बाईनं विचारलं, "क्या काम था?" मी 'कुछ नहीं' म्हणून निघालो.

चौतीस नंबरचंही सांगतो. तो त्या दिवशी शाळेतच नव्हता आणि तरी माझं चुकीचं उत्तर त्याच्या नावावर छापलं गेलं. पोरांनी त्याला महिनाभर चिडवलं, घरी बसून नापास झालेला म्हणून. तू वर्गात सांगू शकला असतास की तो दिवा कोणाचा होता. सांगितलं नाहीस. माझं नाव तू झाकलंस.

चार वर्षांनी शाळेला खरी यंत्रं मिळाली. कुणा कंपनीच्या देणगीतून. प्रत्येक मुलाच्या हातात मोबाइलएवढा रिमोट, भिंतीवर प्रोजेक्टर. कार्यक्रमाला मी होतो, बातमीसाठी. तू शेवटच्या रांगेत होतास, तेव्हाच बारीक दिसायला लागला होतास. टाय घातलेल्या तरुणानं प्रात्यक्षिक दाखवलं. मुलांनी बटणं दाबली आणि दोन सेकंदांत पडद्यावर टक्केवारी आली. खाली, चुकलेल्यांची नावं. लाल अक्षरांत, सगळ्यांना दिसतील अशी. टाळ्या झाल्या. मुख्याध्यापकांनीही वाजवल्या. तेच मुख्याध्यापक.

तू हात वर केलास, विद्यार्थ्यासारखा. "ह्यात 'माहीत नाही' कुठं आहे?"

तरुण म्हणाला, "सर, बटण नाही दाबलं तर सिस्टीम ते चूक धरते."

"धरू नका," तू म्हणालास. लोक हसले. तुझी फिरकी घ्यायची पद्धत आहे असं त्यांना वाटलं. तू बसलास. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "निदान सुरू तर झालं." तू म्हणालास, "पोरं दोन दिवसांत शेजाऱ्याचं बघून दाबायला शिकतील. परत 'होऽऽ सर'. फक्त आता ते मशीन म्हनेल." महिनाभरात वीजकपातीत प्रोजेक्टर बंद पडला आणि रिमोटची पेटी कपाटात गेली. ती बातमी मी दिली नाही. उद्घाटनाची दिली होती.

ठाण्याच्या दवाखान्यात मी तुला शेवटचं पाहिलं ते एका मंगळवारी, दुपारी. तुझी आई बाहेर बाकावर बसली होती. मला म्हणाली, "काय खात न्हाय रं तो. तू बोल त्याला. तुजं ऐकंल." तू माझं कधीच ऐकलं नव्हतंस, पण मी आत आलो.

आपण बऱ्याच गोष्टी बोललो. तुझ्या बदलीवर आलेला मास्तर कसा आहे. कामतघरचे किती शेड गोदामं झाले. तुला दम लागत होता, तू मधेमधे थांबत होतास. मग तू म्हणालास, "एक विचारू का? दोनच उत्तरं हायेत. सोप्पं हाय."

"विचार."

"ती नावं. डेस्कनं ठेवली का तू?"

तू माझ्याकडे पाहत नव्हतास. छताकडे पाहत होतास. चादरीवर तुझा उजवा हात होता आणि बोटं एकेक करून उघडत होती. एक, दोन, तीन. तू दहा मोजत होतास. वर्गात मोजायचास तसे.

मी सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं. त्यातले थेंबही मोजता येण्यासारखे होते. मी ते मोजले.

दहा झाले. तुझा हात थांबला. तू मान माझ्याकडे वळवलीस आणि हसलास, त्या दिवशी काळ्या बोर्डाकडे पाहून हसला होतास तसा.

"बरं," म्हणालास. "उद्या परत विचारतो."

बुधवारी सकाळी सव्वानऊला मी दवाखान्याच्या जिन्यावर होतो. वरून वहिनींच्या रडण्याचा आवाज आला.

मी काय सांगणार होतो, हे तुला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तेही खरं नसेल. घरातून निघताना मी काही ठरवलेलं नव्हतं. रात्रभर जागा होतो असंही नाही. झोपलो होतो. मला वाटत होतं, तू आठ-आठ दिवस विचारतोस.

काल बाराव्याला जेवणं झाल्यावर वहिनींनी मला बुटाचं एक खोकं दिलं. म्हणाल्या, "हे तुमच्यासाठी ठेवलेलं हाय. बाकीचं त्यांनी तेव्हाच भंगारात दिलं." आत एक टू-वे स्विच होता, लाकडी ठोकळ्यावर बसवलेला. वायरचा वीतभर तुकडा. ठोकळ्याच्या मागे चिकटपट्टी, तुझ्या अक्षरात: २७, सरोजा. स्विचच्या फटीत कागदाची घडी अजून होती. तू ती काढली नव्हतीस. तिला खोटं सांगितलं होतंस की स्विच तिच्याच बाकाला आहे. मग निदान दुसऱ्या कुणाच्या हाती तो जाऊ दिला नाहीस.

मी वहिनींना विचारलं, माझ्यासाठी ठेवलंय असं जगननं कधी सांगितलं?

"नावं छापली त्याच वर्षी," त्या म्हणाल्या. "बोलले, 'त्याला द्यायचाय, पन तो मागंल तवाच.' तुम्ही काय मागितला न्हाय. आता कुनाला देऊ?"

म्हणजे तुला माहीत होतं. किंवा माहीत नव्हतं आणि तू फक्त वाट पाहत होतास. पाच वर्षं एकाच प्रश्नावर. दोन्हीपैकी कुठलं, हे मला आता कळायचा मार्ग नाही. माझ्या धंद्यात याला 'दुजोरा मिळू शकला नाही' म्हणतात.

खोकं टेबलावर आहे. हा मजकूर लिहून झाल्यावर संपादकांना देणार आहे, छापलं तर माझ्या नावासकट छापा असं वर लिहून. चौतीस नंबरचा हिरवा दिवा माझा होता. त्या पोरीचा परिच्छेद मी काढला. नावं ठेवा, असं मी सांगितलं. डेस्कनं विचारलं होतं, मी सांगितलं. सरोजा हे वाचणार नाही. तिच्या बापाला मराठी वाचता येत नाही, आणि आता त्याला वाचून दाखवणारंही कुणी तिथं नसेल.

मघाशी मी ती घडी काढली. तोच वहीचा जुना रेघांचा कागद, पिवळा पडलेला. स्विच जरा घट्ट झाला आहे. दोन उत्तरं होती, त्यातलं एक मी दाबलं. टक.

मेन स्विच तुझ्या हाताखाली होता, जगन.